सही केली, पण मान्यता नाही

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका देशाने करारावर सही केली आहे, पण रॅटिफिकेशन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मान्यता, केलेलं नाही. तो करार त्या देशावर बंधनकारक आहे, असं मी निबंधात लिहिलं आणि सरांनी ते वाक्य खोडलं. मग सहीला अर्थ काय?

उत्तर : माझ्या पहिल्या निबंधातला अख्खा परिच्छेद याच कारणाने गेला होता. कलमं तोंडपाठ होती, ती कोणाला लागू आहेत हे मात्र मी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून करार हातात आला की मी आधी शेवटची कलमं वाचते. सही पुरे की रॅटिफिकेशन हवं, हे तिथेच कळतं. काही करार नुसत्या सहीनेही लागू होतात.

रॅटिफिकेशन लागत असेल, तरी सही वाया जात नाही. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९च्या व्हिएन्ना कराराचं कलम १८ पाहा. सही केलेल्या देशाने, आपण यात सामील होणार नाही हे स्पष्ट करेपर्यंत, कराराचा हेतूच हाणून पाडेल असं काही करायचं नाही. एकेक कलम पाळण्याचं बंधन मात्र तेवढ्याने येत नाही.

पुढची पायरी संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाची. महासचिवांकडे सोपवलेल्या प्रत्येक बहुपक्षीय कराराखाली देश, तारखा आणि देशांनी आपल्यापुरत्या घातलेल्या अटी दिलेल्या असतात. अटी वाचल्याशिवाय उठू नका. देश करारात असतो आणि नेमकं आपल्याला हवं ते कलम त्याने वगळलेलं असतं.

आता खरा गाभा. करार लागू नसला, तरी तोच नियम रूढी म्हणून, म्हणजे देश कायदा समजून पाळत आलेली प्रथा म्हणून, लागू असू शकतो. यासाठी उत्तर समुद्राच्या सागरतळाचा १९६९चा निकाल मुळातून वाचा. पश्चिम जर्मनीने सागरतळाविषयीच्या १९५८च्या करारावर सही केली होती, रॅटिफिकेशन नव्हतं. डेन्मार्क आणि नेदरलँड्सचं म्हणणं, समान अंतराचा, म्हणजे सीमा दोन्ही देशांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर आखण्याचा, करारातला नियम तरीही जर्मनीला लागू आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी ते नाकारलं. हा नियम सांगणाऱ्या कलमाला अटी घालण्याची मुभा करारानेच दिली होती, हेही न्यायालयाने त्या नियमाच्या विरोधात धरलं. काही देशांनी समान अंतराने सीमा आखल्या होत्या, पण कायदा म्हणून आखल्या याचा पुरावा नव्हता.

तोच पुरावा तुम्हाला शोधायचा आहे. त्या देशाचे अंतर्गत कायदे, न्यायालयांचे निकाल, परराष्ट्र खात्याची निवेदनं, संयुक्त राष्ट्रांतली भाषणं चाळा. आम्ही हे कायद्याने बांधील म्हणून करतो, असं तिथे दिसलं, आणि इतर देशांचंही वागणं-बोलणं तसंच निघालं, तर खोडलेलं वाक्य रूढीच्या आधारावर पुन्हा लिहिता येईल.