‘नुसते टीपीआर आणि लॅबच्या फेऱ्या, मग शिकायचं कधी?’

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिल्हा रुग्णालयात सर्जरी वॉर्डला पोस्टिंग आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बेड मेकिंग आणि लॅबला सॅम्पल नेणं, एवढंच करायला मिळतं. ट्यूटर मॅडम क्वचित येतात. मैत्रिणी लॉगबुकात (केलेल्या कामांच्या नोंदवहीत) न केलेल्या प्रोसिजरवर सह्या घेतात. नर्सिंग सोडावं का? गेल्या महिन्यात सुई टोचली होती, घाबरून कुणाला सांगितलं नाही.

उत्तर : सुईचं तू एका ओळीत उरकलंस, पण आधी तेच. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात. ती वेळ गेली, तपासणीची गेलेली नाही. उद्याच मॅडमना सांग, रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) जा. एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही मागून घे. सहा महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तिन्ही डोस झालेत का, तेही बघ. पुन्हा असं झालं तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही आणि इन्चार्ज सिस्टरना तिथल्या तिथे सांगायचं. बऱ्याचदा सुई टोचते ती टोपण परत बसवताना. तेव्हा टोपण लावूच नकोस. वापरलेली सुई कापणारा हब कटर ट्रॉलीवर हाताशी ठेव.

आता ‘नुसते टीपीआर’. कुठल्याही वॉर्डातले चार्ट चाळ, श्वसनाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २० दिसतील. सगळे पेशंट मिनिटाला वीसच श्वास घेतात असं नाही, कुणी मोजलेलेच नसतात. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस, नजर छातीवर ने आणि पूर्ण मिनिट मोज. श्वास मोजताय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. सर्जरी वॉर्डात या आकड्याला फार किंमत आहे. ऑपरेशननंतर आत रक्तस्राव सुरू झाला की आधी नाडी आणि श्वास वाढतात. तरुण पेशंटचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि उशिरा घसरतं. सकाळी ८४ असलेली नाडी दुपारी ११८ आणि श्वास २८ दिसले, तर चार्टवर लिहून पुढच्या बेडकडे जायचं नाही. पुन्हा मोज, ड्रेसिंग आणि ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) बघ, सिस्टरना बोलाव. बीपीचा कफ दंडाला लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वेगाने सोड. घाईत भसकन सोडली की वरचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी लागतो.

सॅम्पलच्या फेऱ्या मात्र खरंच जास्त होतात. पण ‘मला काहीतरी शिकवा’ असं म्हटल्यावर तीस-चाळीस पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टर काय करणार? सकाळच्या हँडओव्हरला डायरी घेऊन उभी राहा आणि कुणाचं कॅथेटर (लघवीची नळी) काढायचंय, कुणाचं ड्रेसिंग आहे ते टिपून घे. राउंड संपल्यावर नेमकं विचार : ‘सिस्टर, बारा नंबरचं कॅथेटर आज काढायचंय, मी तुमच्यासमोर काढू का?’ आधी सगळं सामान मांडून ठेवलंस तर नकार सहसा येत नाही. राउंडच्या गर्दीत विचारलंस तर हमखास येतो.

सह्यांचं सांगायचं तर, न केलेल्या कामावर सही घेऊ नकोस. क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची हजेरी १०० टक्के भरल्याशिवाय पदवी मिळत नाही, पण हजेरी भरली म्हणजे हात बसला असं नाही. खासगी रुग्णालयात पहिल्याच महिन्यात नाईटला ५०० मिलीची सलाईन आठ तासांत द्यायची वेळ येईल. वीस थेंबांना एक मिली देणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब, हा हिशेब तिथे लॉगबुक करून देत नाही. राहिलेल्या प्रोसिजरची यादी पाच-सहा जणींनी मिळून कॉलेजला लेखी द्या. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आहे, त्यामुळे मॅडम वॉर्डात याव्यात ही मागणी अवाजवी नाही. एकटीने तोंडी तक्रार केलीस तर पुढच्या पोस्टिंगला त्रास होऊ शकतो, म्हणून मिळूनच जा.

सोडायचं का? एका सर्जरी वॉर्डवरून ठरवू नकोस. बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती, कम्युनिटी ही पोस्टिंग अजून व्हायची आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं. रक्त बघून गरगरणं बहुतेकींचं काही आठवड्यांत थांबतं. पेशंटशी बोलायलाच नको वाटत असेल आणि ते दोन-तीन पोस्टिंगनंतरही तसंच राहिलं, तर पुन्हा लिही. तेव्हा दुसऱ्या वाटा बघू. तपासणीचं मात्र उद्याच.