लेकीकडे गाडी नाही, मग हायलँड्स बघायचे कसे?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही नाशिकचे, वय ६६ आणि ६२. मे महिन्यात एडिंबराला लेकीकडे चाललोय, बायको बाळंतपणासाठी आणि मी आपला सोबतीला. एकदा बाळ आलं की कुठे जाणं होणार नाही म्हणून आधीच एक दिवस हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, बघून यावं असं मनात आहे. लेक-जावयाकडे गाडी नाही. एका दिवसाच्या गाइडवाल्या टूर असतात म्हणे, सकाळी ८ ला निघून रात्री ८ ला परत. बायकोचे गुडघे दुखतात, तिला घाटात गाडी लागते, आणि आम्ही दोघं शाकाहारी. १२ तास झेपतील का? लॉक नेस हे तळं बघायलाच हवं का? का मीच गाडी भाड्याने घेऊ, मुंबई-नाशिक ३० वर्षं चालवलीय.

उत्तर: काका, गाडीचा विचार सोडा असं मी सांगणारे, रागावू नका. आपलं लायसन्स तिथे पहिले १२ महिने चालतं, गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, सगळं खरंय. पण हायलँड्समधले बरेच आतले रस्ते एकाच गाडीपुरते, समोरून कोणी आलं की रस्त्याकडेला जी फुगीर जागा ठेवलेली असते तिथपर्यंत कोणीतरी मागे यायचं, आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याला डोंगर दिसतच नाहीत, दिसतो फक्त रस्ता. तुम्ही दोघं मिळून एकदाच जाणार, तर दोघांनाही खिडकी मिळू दे की.

म्हणजे टूरच. आता टूरच्या जाहिरातीत काय असतं, तर नावांची माळ. ग्लेन्को, फोर्ट विल्यम, लॉक नेस, पिटलॉक्री, अमका पूल, तमका किल्ला. आपण लोक ही नावं मोजतो आणि जिथे जास्त नावं तिथे पैसे वसूल असं धरून चालतो, मीही तेच केलं होतं. नावं मोजू नका, पाय जमिनीवर किती वेळ टेकणार ते मोजा. एडिंबराहून ग्लेन्कोची दरी अडीच-तीन तास, तिथून लॉक नेसच्या काठावरचं फोर्ट ऑगस्टस सव्वा-दीड तास, आणि तिथून परत साडेतीन-चार तास. झाले की साताठ तास नुसते सीटवर, उरलेल्यात जेवण, बाथरूमच्या रांगा, आणि त्यातून जे उरेल ते दर्शन. काही ठिकाणी तर १० मिनिटं फोटो आणि चला.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पहिल्यांदा गेले ती सासूबाईंना घेऊन, डिसेंबरात, कारण तेव्हा टूर स्वस्त होती. का स्वस्त होती ते नंतर कळलं. तिकडे डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यात आमची टूर उलटी निघाली, आधी लॉक नेस आणि परतताना ग्लेन्को, आणि हे बुकिंग करताना कुठेही लिहिलेलं नव्हतं. आम्ही ग्लेन्कोला पोचलो तेव्हा काळाकुट्ट अंधार, गाइड बिचारा माइकवर सांगतोय तुमच्या डाव्या हाताला जगातली सगळ्यात सुंदर दरी आहे, आणि काचेत आम्हाला आमचेच चेहरे दिसतायत. सासूबाई म्हणाल्या, अंधारच बघायचा होता तर घरी दिवे घालवून बसलो असतो. तुमचं मे महिन्यात आहे म्हणून उजेडाची काळजी नाही, रात्री ९ नंतरही उजेड असतो. तरी ग्लेन्को जाताना की येताना हे विचारूनच घ्या, सकाळी माणूस ताजा असतो आणि संध्याकाळी सगळी बस झोपलेली असते.

आता लॉक नेस. (लॉक म्हणजे तळं. तिकडचे लोक लॉक नाही, लॉख म्हणतात, इंग्रजांना तो उच्चार जमत नाही, आपला ख त्याच्या बराच जवळ जातो तेव्हा बिनधास्त म्हणा.) माझं मत लोकांना पटत नाही, पण लॉख नेस सोडा. ते सुमारे ३७ किलोमीटर लांब आणि २३० मीटर खोल आहे हे वाचायला भारी वाटतं, प्रत्यक्षात काठावर उभं राहिलं की एक लांबलचक करडं पाणी दिसतं, बोटीचं तिकीट बहुतेक वेळा वेगळं, आणि त्यातला तो दंतकथेतला प्राणी, नेसी, काही येत नाही. फोर्ट ऑगस्टसला कॅलिडोनियन कालव्यावर ५ हौदांच्या पायऱ्या आहेत, दरवाजे लावून हौदात पाणी भरलं की बोटी एकेक पायरी वर चढतात, ते मात्र मजेशीर आहे. पण तेवढ्यासाठी अडीच-तीन तास जास्तीचं बसणं, गुडघेदुखीवाल्या माणसाने? नको.

ग्लेन्को मात्र बघाच. नाशिकची माणसं तुम्ही, डोंगराचं कौतुक तुम्हाला काय सांगायचं, आणि उंची विचाराल तर ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर आणि आपली कळसूबाई १६४६. पण तिथे डोंगर जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून सरळ उठतात, अंगावर झाड नाही, त्यामुळे आहेत त्यापेक्षा दुप्पट वाटतात. गंमत म्हणजे ग्लेन्कोही आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून आलेला, फक्त आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यांचा ४२ कोटींच्या आसपास. आणि आपल्याकडे दऱ्या पाण्याने कापल्या, तिकडे बर्फाच्या नद्यांनी, म्हणून दरीचा तळ पसरट कढईसारखा दिसतो. थ्री सिस्टर्स नावाच्या डोंगराच्या ३ उभ्या सोंडा रस्त्याच्या कडेच्या गाडीतळावरूनच समोर दिसतात, त्यामुळे काकूंना चढायचं काही नाही, दगड-खडीवर चार पावलं फक्त.

गाइड तिथे एक गोष्ट सांगणार, ती आधी माहीत असलेली बरी कारण त्यांचे स्कॉटिश उच्चार पहिला तासभर डोक्यावरून जातात. राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला १ जानेवारी १६९२ ही मुदत होती, ग्लेन्कोच्या मॅकडॉनल्ड घराण्याच्या प्रमुखाला काही दिवस उशीर झाला. मग सैनिक आले, त्यांच्या घरात साधारण दोन आठवडे पाहुणे म्हणून राहिले, जेवले, पत्ते खेळले, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच यजमानांना कापलं. ३८ च्या आसपास माणसं मारली, बाकीची बर्फात पळाली, त्यातलीही बरीच गारठून गेली. सैनिकांचा म्होरक्या कॅम्पबेल घराण्यातला होता, म्हणून तिथल्या एका जुन्या खाणावळीत अजूनही पाटी आहे की फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजवायला लागत नाही.

तर शोधताना ग्लेन्कोपर्यंत जाऊन ओबान किंवा इन्व्हरेरीच्या बाजूने फिरवून आणणारी टूर बघा. तेवढंही जड वाटत असेल तर लॉख लोमंड आणि स्टर्लिंगची, ती आठ-नऊ तासांत आटपते. छोटी १६ सीटची मिनीबस घ्या, मोठ्या कोचमध्ये ५० माणसं उतरेपर्यंतच थांबा संपतो. साधारण ५० ते ७० पौंड माणशी, साठीच्या पुढे थोडी सूट असते, विचारल्याशिवाय कोणी देत नाही. मिनीबसमध्ये बाथरूम नसतं, पण दीड-दोन तासांनी थांबतात. पायरी उंच असते, ड्रायव्हर पायाखाली छोटं स्टूल देतो का ते आधी मेल करून विचारा आणि त्याच मेलमध्ये पुढची सीट मागा. ड्रायव्हर आणि गाइड एकच माणूस असतो, चालवता चालवता बोलतो, त्यामुळे पुढे बसलं की ऐकूही नीट येतं आणि गाडीही कमी लागते. लॉख लोमंडच्या वरच्या टोकाचा रस्ता अगदी कसाऱ्यासारखा नसला तरी चिंचोळा आणि वळणावळणाचा आहे, एव्होमिन ही गाडी लागू नये म्हणूनची गोळी तासभर आधी, पण काकूंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर इथल्या डॉक्टरांना विचारूनच. आवळासुपारी न्याच.

जेवणाचं म्हणाल तर दशम्या आणि चटणी डब्यात घ्या, सकाळी ८ ला निघायचं म्हणजे लेकीला उठवू नका, रात्रीच करून ठेवा. गाडीत खाऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी, थांब्यावर बाकावर बसून खायचं. कॅफेत भाजलेला बटाटा चीज-बीन्स घालून मिळतो, सूप घेताना आतला रस चिकनचा नाही ना हे विचारा. शाकाहारी हॅगिस नावाचा पदार्थ दिसला तर घ्या, ओट्स-डाळ-मसाल्याचा असतो, मला तो आपल्या झुणक्याचा दूरचा भाऊ वाटला. आणि छत्री नको, वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं जॅकेट. मेच्या सुरुवातीला गेलात तर मिज नावाची चिलटंही फारशी नसतात, जून ते ऑगस्ट ती जीव खातात.

प्रश्न: मी ग्लासगोत एमएस करतोय, मूळचा सांगलीचा. टूरचे पैसे नाहीत, शिवाय म्हाताऱ्या लोकांबरोबर बसमध्ये फिरायचा कंटाळा. डोंगर बघायला दुसरा मार्ग?

उत्तर: म्हातारे लोक तुझ्यापेक्षा जास्त चालतात रे तिकडे, असो. क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून फोर्ट विल्यमची ट्रेन पकड, पावणेचार तासांच्या आसपास लागतात आणि तिकीट आधी काढलंस तर परवडतं. १८९४ ची लाइन आहे. रॅनक माळावर जमीन एवढी दलदलीची की रूळ चक्क झाडांची मुळं, फांद्या आणि मातीच्या गादीवर तरंगते ठेवलेत. जाताना डावी खिडकी धर. हॅरी पॉटरच्या सिनेमातला २१ कमानींचा ग्लेनफिनन पूल फोर्ट विल्यमच्याही पुढे आहे, तो एका दिवसात करायला गेलास तर नुसती ट्रेनच बघशील. त्यापेक्षा मधेच कॉरर स्टेशनला उतर, तिथे सार्वजनिक रस्ता येतच नाही, ट्रेन नाहीतर पाय. जवळच लॉख ऑसियन आहे, काठाने चाल, डबा खा. फक्त उतरायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ दोनदा बघ, दिवसाला गाड्या मोजक्याच आहेत आणि ती चुकली तर तिथे रिक्षा मिळणार नाहीये.