जर्मनीत वीजतंत्री म्हणून येताना: मजुरी, कपात आणि इथले कामगार

तुम्ही नाशिकच्या आयटीआयमधून वीजतंत्री झाला आहात, सातपूरच्या कारखान्यात काही वर्षे काम केले आहे आणि आता जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येण्याची तयारी करत आहात. आपण आल्याने तिथल्या कामगारांची मजुरी खाली जाते का आणि आपल्या पगारातून कापलेला पैसा कोणाच्या कामी येतो, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून मला बरीच पत्रे येतात, पण ती बहुधा पगाराच्या आकड्यापाशी थांबतात. तुमचे प्रश्न त्यापुढचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सरासरी पाहिली तर परदेशी कामगारांमुळे स्थानिकांची मजुरी फारशी हलत नाही, असेच बहुतेक अभ्यास सांगतात. परंतु सरासरीच्या आड कोणाचे नुकसान दडले आहे, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. डामुरी, ओत्ताविआनो आणि पेरी या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातील पश्चिम जर्मनीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार नव्याने आलेल्यांचा जर्मन कामगारांच्या मजुरीवर व रोजगारावर फारसा परिणाम झाला नव्हता. झळ बसली ती त्यांच्या आधी आलेल्या परदेशी कामगारांना. कारण उघड आहे. भाषा न येणारा नवा माणूस ज्या कामासाठी उभा राहतो, तेच काम त्याच्या आधी आलेला माणूस करत असतो, तर जर्मन कामगार ग्राहकाशी बोलणे, कामाची आखणी, देखरेख अशा जागांकडे सरकतो. मी ज्या कारखान्यात देखभाल विभागात आहे, तिथेही गोदामात आणि रात्रपाळीच्या साफसफाईत जर्मन नावे क्वचितच आढळतात. तेव्हा भाषा न शिकता आलात तर तुमची स्पर्धा जर्मन माणसाशी होणार नाही. ती दहा वर्षांपूर्वी आलेल्या रोमेनियन किंवा तुर्की मजुराशी होईल आणि मालकाला दोघांचेही दर दाबून ठेवता येतील.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणे योग्य नव्हे. १९९१ मध्ये चेक सीमेलगतच्या जर्मन जिल्ह्यांत चेक कामगारांना काम करण्याची मुभा मिळाली, मात्र तिथे राहण्याची नाही. ते रोज ये-जा करत. डुस्टमान, श्योनबेर्ग आणि श्टूलर या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की स्थानिकांची मजुरी किंचितच घटली, पण रोजगारात चेक कामगारांचा वाटा एक टक्क्याने वाढला की स्थानिकांचा रोजगार जवळजवळ तेवढाच कमी झाला. कामावर असलेल्यांना मोठ्या प्रमाणावर काढले गेले नाही. नवी भरती मात्र आटली, म्हणजे तोटा झाला तो नोकरीच्या शोधात असलेल्या स्थानिकांचा. चेक कामगार आपली कमाई सीमेपलीकडे खर्च करत असल्याने त्यांच्या येण्याने इथल्या दुकानांना, घरबांधणीला गिऱ्हाईक मिळाले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जो इथे राहतो, भाडे भरतो, मुलांना शाळेत घालतो, त्याच्या खर्चातून दुसऱ्या कोणाचे तरी काम उभे राहते.

कुशल कामगाराचा व्हिसा देताना तुमच्या अटी तुलनीय स्थानिक कामगाराच्या अटींपेक्षा वाईट नाहीत ना, हे इथली केंद्रीय रोजगार संस्था तपासते. जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि वीजकामाच्या व्यवसायासाठी त्याहून वरचे किमान वेतन ठरलेले आहे. तरीही तुमच्या आयटीआय प्रमाणपत्राला जर्मन मान्यता मिळाली नाही, तर तुमची गणना ‘हेल्फर’ म्हणजे मदतनिसात होते आणि वरचे संरक्षण असूनही पगार खालच्याच पायरीवर राहतो. इथे येऊन मान्यता पूर्ण करण्याची सोय मार्च २०२४ पासून आहे. ती वापरणार असाल तर मान्यतेनंतरचा पगार करारात आधीच लिहून घ्या.

आता कपातीविषयी. निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा (आजारपणात किंवा म्हातारपणी लागणारी देखभाल) या चार विम्यांसाठी कपातीपूर्वीच्या एकूण पगाराच्या साधारण एकवीस-बावीस टक्के रक्कम तुमच्या वाट्यातून जाते, जवळपास तेवढीच मालक भरतो आणि प्राप्तिकर वेगळा. निवृत्तिवेतनाचा पैसा साठवला जात नाही. आजचे कामगार आजच्या वृद्धांना पोसतात. १९६४ मध्ये दोन्ही जर्मनींत मिळून साडेतेरा लाखांहून अधिक मुले जन्मली आणि ती पिढी २०३१ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त होईल. तुम्हाला बोलावण्यामागचे खरे कारण हेच आहे.

सरकारी तिजोरीचा हिशेब मात्र वादग्रस्त आहे. अर्थतज्ज्ञ होल्गर बोनिन यांच्या २०१४ च्या अहवालानुसार २०१२ मध्ये इथल्या प्रत्येक परदेशी नागरिकाने सरकारकडून मिळालेल्या लाभांपेक्षा कर आणि वर्गणीपोटी सरासरी ३,३०० युरो अधिकच भरले. रस्ते, संरक्षण यांसारखा सामाईक खर्चही धरा, मग वर्षाला १,८०० युरोंची तूट दिसते, असे प्रत्युत्तर दुसरे अर्थतज्ज्ञ हान्स-वेर्नर झिन यांनी दिले. माझ्या मते दोघांच्याही आकड्यांपेक्षा तुम्ही कोणत्या वयात आणि कोणत्या पगारावर येता, हे अधिक निर्णायक आहे. पंचविशीत, पूर्ण कौशल्य घेऊन येणाऱ्या माणसाच्या शाळेचा आणि आयटीआयचा खर्च महाराष्ट्राने केलेला असतो. तो जर्मनीच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तुमच्या स्वतःच्या हक्कांसाठी दोन मुदती ध्यानात ठेवा. मान्यताप्राप्त कुशल कामगाराला तीन वर्षांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, मात्र त्यासाठी छत्तीस महिन्यांची निवृत्तिवेतन वर्गणी आणि बी-१ पातळीची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती, जर्मन भाषा लागते. इथल्या निवृत्तिवेतनासाठी किमान साठ महिन्यांची वर्गणी आवश्यक आहे; १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे ही मुदत मोजताना भारतातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचा काळही धरता येतो. त्यासाठी सातपूरच्या नोकरीचे दाखले आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक निघण्यापूर्वीच तपासून घ्या, कारण नावातली किंवा जन्मतारखेतली चूक इथून दुरुस्त करून घेणे फार जड जाते.