कोकण किनाऱ्याने सायकल? आधी परतीचं बघा

अलिबाग ते गोवा सायकलने निघताय, तर रेल्वेचं आधी ठरवा. सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून, न्यायची असते. कुडाळ-सावंतवाडीला गाडी जेमतेम थांबते, सायकल चढेपर्यंत सुटायची! त्यापेक्षा मडगाव गाठा. मांडवी, कोकणकन्या या मुंबईच्या गाड्या तिथूनच सुटतात. बऱ्याच आधी पोचा, पेडल काढा, हँडल वळवा, मागचा डिरेल्युअर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) जुन्या टॉवेलात गुंडाळा. सायकल आडवी टाकली जाणार, हे धरूनच चाला.

आणि समुद्रालगतचा रस्ता सपाट असतो या भ्रमात राहू नका. वाटेत खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड: जेट्टीपर्यंत मस्त उतार, पलीकडे उतरलात की खडा चढ. सामान लादून रोज साठ किलोमीटर पुष्कळ झाले. शेवटची फेरीबोट किती वाजता, ते आदल्या रात्री मुक्कामाच्या घरीच विचारून घ्या.