लहान पाणलोटाच्या मॉडेलसाठी बाष्पोत्सर्जनाची आकडेवारी कुठून आणावी?

तुम्ही विचारलंय की पारनेर तालुक्यातल्या 900 हेक्टरच्या पाणलोटावर स्वॅट (पाणलोटातल्या पाण्याचा हिशोब मांडणारं संगणकीय) मॉडेल चालवताय, पाऊस आणि कमाल-किमान तापमान हाताशी आहे, पण बाष्पोत्सर्जनाचे (माती आणि पिकं मिळून हवेत जाणाऱ्या पाण्याचे) आकडे कुठेच सापडत नाहीत. माझं ऐका, ते शोधण्यात महिना घालवू नका. स्वॅटला प्रत्यक्ष बाष्पोत्सर्जन द्यावं लागतच नाही. त्याला लागतं ते संभाव्य, म्हणजे पाण्याची टंचाई नसती तर हवेने किती पाणी ओढलं असतं ते, आणि तेही मॉडेल हवामानावरून स्वतः काढतं. पुढे जमिनीतली ओल आणि पिकाची वाढ बघून प्रत्यक्ष आकडा तेच ठरवतं.

हा फरक सुरुवातीला मीही नीट धरला नव्हता. एका दुष्काळी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडताना खर्चाच्या बाजूला संभाव्य आकडाच लिहिला, आणि वर्षाचा खर्च पावसाच्या तिपटीवर गेला. मे महिन्यात उघड्या माळावर हवा रोज सात-आठ मिलिमीटर प्यायला तयार असते, पण मुरमात द्यायला काही उरलेलंच नसतं.

फक्त तापमान असेल तर हरग्रीव्ह्ज पद्धत निवडा. सूत्र सोपं आहे: 0.0023 × वातावरणाबाहेरचं सौर प्रारण (मिलिमीटरमध्ये) × (सरासरी तापमान + 17.8) × कमाल-किमान फरकाचं वर्गमूळ. तुमच्या अक्षांशावर मे महिन्यात प्रारण सुमारे 16 मिलिमीटर धरा. कमाल 40, किमान 23 असेल तर उत्तर येतं रोजचे साधारण 7.5 मिलिमीटर. ऑगस्टमध्ये 30 आणि 22 घेतलेत तर साडेचारच्या आत. मॉडेलचे आकडे यापासून फार लांब गेले, तर आधी इनपुट फाइल उघडून बघा.

पेनमन-माँटिथ ही जास्त माहिती मागणारी पद्धत हवी असेल तर आर्द्रता, वारा आणि सूर्यप्रकाश नासाच्या पॉवर संकेतस्थळावर रोजच्या नोंदींसह फुकट मिळतात. पण त्याचा एक चौकोन (ज्याला मिळून एकच आकडा असतो) तुमच्या अख्ख्या पाणलोटाहून कितीतरी मोठा असतो, त्यामुळे तापमान स्थानिक केंद्राचंच ठेवा. वारा 2 मीटर उंचीचा आहे की 10 मीटरचा, तेही बघून घ्या. जवळच्या कृषी संशोधन केंद्रात बाष्पीभवन पात्राची (उघड्या भांड्यातून रोज किती पाणी उडालं याची) नोंद असेल तर ती जरूर मागा. आपल्याकडच्या पात्रावर पक्षी-जनावरांनी पाणी पिऊ नये म्हणून जाळी असते, तिच्यामुळे बाष्पीभवन थोडं कमी दिसतं. म्हणून पात्राच्या आकड्यावरून संभाव्य आकडा काढताना गुणांक 0.7 ऐवजी 0.8 धरतात.

उपग्रहाचा आकडा मात्र पडताळणीसाठी राखून ठेवा. मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणाचं बाष्पोत्सर्जन 500 मीटरच्या चौकोनात मिळतं, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम 36 चौकोन. तो आकडा आठ दिवसांची बेरीज असतो, रोजचा नव्हे, आणि त्याला 0.1 ने गुणावं लागतं. 32761 ते 32767 हे आकडे म्हणजे पाणी, वस्ती, उघडी जमीन यांच्या खुणा आहेत. त्या गाळल्या नाहीत तर एकेका चौकोनावर 3276 मिलिमीटर दिसतील आणि सगळी सरासरी बिघडेल.

आता तुमच्या भागातली खरी मेख. खरिपात मॉडेल आणि उपग्रह बऱ्यापैकी जुळतील, पण जानेवारी-फेब्रुवारीत उपग्रह जास्त दाखवत असेल, तर माती किंवा पिकाचे गुणांक ओढूनताणून बदलायला जाऊ नका. ते पाणी बहुधा विहिरीतून कांद्यावर गेलेलं असतं आणि तुमच्या मॉडेलमध्ये सिंचन भरलेलंच नसतं. शिवारात जाऊन विचारा: कांदा किती एकर, पाळी कितव्या दिवशी, मोटर किती तास चालते. ते भरा आणि मॉडेल पुन्हा चालवा. त्यानंतरही तफावत राहिली तर महिन्यावार आकडे इथे टाका, मी बघतो.