येशू देव आहे, हे निकियाच्या परिषदेत मतदानाने ठरलं का?

नाही. इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशप गोळा केले, मतं घेतली आणि एका सुताराच्या मुलाला देव करून टाकलं, ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण तसं घडलेलं नाही.

ख्रिस्ती लोक त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून येशूला देव मानून भजत होते. इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात, हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून स्तोत्रं गातात, असं आहे. प्लिनी स्वतः ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांचे खटले चालवत होता. म्हणूनच मला ही साक्ष वजनदार वाटते.

मग भांडण कशाचं? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणायचा, पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण पित्याने निर्माण केलेला. तो नव्हता अशीही एक अवस्था होती. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणायचा, पुत्र अनादी आहे. थोडक्यात, एरियसच्या लेखीही येशू साधा माणूस नव्हताच! निकियात (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) ‘पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा’ असं श्रद्धापत्रात (ख्रिस्ती श्रद्धेच्या अधिकृत मसुद्यात) लिहिलं गेलं आणि शेवटी सही न करणारे बिशप उरले दोन. एरियसबरोबर तेही हद्दपार झाले.

खरी धमाल त्यानंतर. काही वर्षांतच वारं फिरलं. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणाआधी बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून. निकियाची बाजू लावून धरणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. हा वाद फक्त विद्वानांचा होता असंही नाही. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) पावाचा भाव विचारावा तर ‘पिता थोर, पुत्र त्याखालचा’ असं उत्तर येतं, अशी तक्रार निसाचा बिशप ग्रेगरी याने केली आहे. सम्राट बदलला की अधिकृत मतही बदलायचं. ३८१च्या परिषदेत निकियाचा पक्ष कायमचा वर आला.

त्यावर लगेच पुढचा प्रश्न: इतका पूर्ण देव, तर मग माणूस कसा? ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेने उत्तर दिलं, व्यक्ती एक, स्वभाव (म्हणजे मूळ स्वरूपं) दोन, दैवी आणि मानवी. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चला ते आजही मान्य नाही. केरळातलं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चही त्याच पंथातलं.