अकोल्यात डबल ग्लास विकताना आधी पश्चिमेची खिडकी बघा

अकोल्यात युपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या खिडक्या) आणि डबल ग्लास (मधे पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा) यांची एजन्सी घेतली, पण घरमालक "फार महाग" म्हणतात आणि बिल्डर स्क्वेअर फुटाच्या रेटपुढे काही ऐकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मालात खोट नाही. अडचण अशी की तुम्ही सगळा जोर यू-व्हॅल्यूवर देताय, म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते त्या आकड्यावर. थंड देशांत घरातली ऊब धरून ठेवायची असते, तिथे तो आकडा आधी बघतात. आपल्याकडे आधी ऊन अडवायचं असतं, आणि त्यासाठी बघायचा आकडा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते तो.

चार बाय पाच फुटांची पश्चिमेची खिडकी घ्या. मे महिन्यात चारच्या सुमाराला तिच्यावर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन धरा. साध्या काचेचा एसएचजीसी ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ ९०० वॅट आत. चांगल्या सोलर कंट्रोल, म्हणजे ऊन अडवणारं कोटिंग असलेल्या काचेचा ०.३ धरला तर साडेतीनशेच्या आत. आता यू-व्हॅल्यू बघा. बाहेर ४५ आणि आत २७ अंश असताना एका काचेऐवजी साधी डबल ग्लास लावली, तर त्या खिडकीतून वाचतात जेमतेम शंभर वॅट. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा.

म्हणून पूर्ण घराचं कोटेशन आधी देऊच नका. दिशा बघा. दक्षिणेला नीट छज्जा असेल तर उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन तोच अडवतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जा फारसा कामाचा नाही. महाग काच तिथे सुचवा. दोनच खिडक्यांची ऑर्डर मिळाली तरी घ्या. त्या खोलीत फरक जाणवला की तोच माणूस शेजाऱ्याला पाठवतो.

दुसरा प्रश्न विचारायचा तो कूलर की एसी. आपल्याकडे हे विसरून चालतच नाही. कूलरच्या खोलीत हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते, तिथे घट्ट बसणाऱ्या डबल ग्लासचे पैसे घेणं मला पटत नाही. तिथे बाहेरून चिक किंवा ताटी लावा म्हणून मोकळेपणाने सांगा. एसीच्या खोलीत मात्र स्लायडिंगपेक्षा केसमेंट द्या, म्हणजे बिजागरीवर उघडणारी आणि गॅस्केटवर (रबरी पट्टीवर) दाबून बसणारी खिडकी, धूळही कमी येते.

काच उष्णता कशी अडवते हे गिऱ्हाइकाला दिवा लावून दाखवायचा खेळ मला आवडत नाही. त्या दिव्याचा प्रकाश म्हणजे ऊन नव्हे. साधी आणि सोलर कंट्रोल, दोन्ही काचांचे नमुने दुपारी चार वाजता त्यांच्याच खिडकीत धरा आणि मागे हात ठेवायला सांगा.

बिल्डरचं गणित वेगळं, कारण विजेचं बिल तो भरत नाही. त्याच्या आर्किटेक्टला गाठा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची, म्हणजे आरईटीव्हीची, मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी ती आखलेली आहे. साधी काच आणि तुमची काच, दोन्ही धरून आकडा काढायला सांगा, आणि पश्चिमेच्या बाजूचा रेट वेगळा द्या.

कोटेशनवर एसएचजीसी लिहूनच द्या. आणि बसवताना स्वतः उभे राहा: कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवं. फिटर युनिट उलटं बसवून जातात आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, काच काही कामाची नाही.